मंगळवारची रांग

बुधवार, १० सप्टेंबर

ठके,

सगळ्यात आधी आला शिंपी. म्हणजे तो स्वतः नाही गं, त्याचा डबा. पण डबा आला म्हणजे शिंपी आला असंच आपण धरत होतो ना? त्याच्या मागे मास्तरीणबाई, म्हणजे त्यांची छत्री. दोघं दवाखान्याच्या पायरीशी रांगेत, अगदी पूर्वीसारखी. मला एवढा आनंद झाला की गॅलरीतून ओरडलेच, "अगं बाई, आलात का!" खालची इस्त्रीवाली हातात तापलेली इस्त्री धरून वर बघायला लागली. कुणाची तरी बाही करपली असणार, पण ती सांगायची नाही.

आता तू म्हणशील, आजी, शिंपी तर गेला. माहीत आहे. त्याला उचलून नेला तेव्हा मी तिथेच होते. आणि मास्तरीणबाई त्याच्यानंतर महिन्याभरात गेल्या, तेही मीच तुला कळवलं होतं. माझं डोकं जागेवर आहे. चष्मा सोडून सगळं जागेवर आहे. चष्मा काल मांजराच्या पोटाखाली सापडला.

तू लहानपणी माझ्याबरोबर यायचीस, म्हणून तुला रांगेची रीत आठवत असेल. मंगळवार प्रेशर तपासायचा वार. उजाडायच्या आत लोक यायचे, पण तास तास उभं कोण राहणार, पाय असे! म्हणून आपली वस्तू रांगेत ठेवायची आणि जाऊन बसायचं. कुणाची वहाण, कुणाची बाटली, शिंप्याचा तो बटणांचा पत्र्याचा डबा. रांग सरकली की मागच्याने ती वस्तू पायाने पुढे ढकलायची. हात लावायचा नाही. कुणी विचारलं, हे कुणाचं, तर मागच्यानेच सांगायचं, "आहे माणूस. येतो म्हणालाय." मागचा बोलला नाही तर वस्तू बाजूला आणि नंबर गेला. भांडणं काय कमी झाली नाहीत, पण कुणी कुणाची वस्तू चोरली असं कधी झालं नाही.

शिंपी रांग लावून बाकावर बसला आणि बसल्या बसल्या गेला. डॉक्टर त्या दिवशी आलेच नव्हते. पुढच्याच आठवड्यात दाराला कुलूप आणि वर पाटी, "सुधारणेसाठी बंद". मी अक्षर अक्षर लावून वाचली. त्याचा डबा आणि बाईंची छत्री तिथेच राहिली, म्हणून मी दोन्ही उचलून वर आणली, दाराशी आत ठेवली. आणि काल बघते तर दोन्ही खाली, रांगेत! मला वाटलं, दवाखाना उघडणार बहुतेक. त्याशिवाय का ही मंडळी येतील? संध्याकाळी इस्त्रीवालीकडून दोघांना परत वर आणवलं.

तुझा विम्याचा कागद पोचला. सही कुठे करायची तिथे तू पेन्सिलने फुली मारून दिलीस. फुली बघितली की मला शाळेतलं चुकलेलं गणित आठवतं, म्हणून तो कागद शिंप्याच्या डब्याखाली ठेवलाय. बघू.

पिशवीचा एक बंद तुटलाय. शिंपी असता तर उभ्या उभ्या टाका घातला असता आणि वर म्हणाला असता, "मावशी, पिशवीत दगड भरता का?"

तुझी आजी

---

सोमवार, १५ सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावू नकोस, पण डबा आणि छत्री तूच खाली नेऊन ठेवली असशील आणि विसरली असशील. होतं असं. माझ्या साहेबांचं वय तुझ्या निम्मं, ते गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतात.

त्या कागदावर सही कर. इथे विमा कंपनीत मी दिवसभर फोनवर असते, लोकांचं काय होतं ते मला कळतं. तो दवाखाना उघडा होता तेव्हा तरी काय होतं? डॉक्टर एका मंगळवारी आले तर दुसऱ्या मंगळवारी नाहीत. गोळ्या संपलेल्या. वजनाचा काटा तर माझ्या लहानपणापासून मोडका. शिंपीकाका दवाखान्याच्या बाकावर गेले, आजी. दवाखान्याच्या बाकावर! ही सुधारणा दहा वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. आता पाटी लावलीय, ती पाटीच सुधारणा समजायची.

विमा घेतलास तर चांगल्या हॉस्पिटलात जाशील. एवढंच, की सही केली की तुझं मोफत उपचारांचं सरकारी कार्ड रद्द होतं, दोन्ही ठेवता येत नाही. आणि जुन्या दुखण्याला पहिली दोन वर्षं काही मिळत नाही. पण नवं काही उपटलं तर आधार राहील. फुलीवर सही. बस.

गोळ्या घेतेस ना वेळेवर? पाय कसे आहेत? खरं लिही.

ठकी

---

बुधवार, २४ सप्टेंबर

ठके,

मी ठेवली म्हणतेस? माझ्या गुडघ्यांना विचार. जिना उतरायचा म्हणजे मी आदल्या दिवसापासून मनाची तयारी करते. तरी तू म्हणालीस म्हणून मी इस्त्रीवालीला सांगितलं, सोमवारी दिवेलागणीला माझ्या दाराला बाहेरून कडी घाल आणि सकाळी तूच काढ. ती म्हणाली, "काकू, आग लागली तर?" मी म्हटलं, "तर तू वरच्या वर इस्त्री करून टाक मला." सकाळी तिने कडी काढली आणि तशीच उभी राहिली. आत दाराशी डबा नाही, छत्री नाही. दोघी गॅलरीत गेलो. खाली रांगेत दोघं. इस्त्रीवालीने आता मंगळवारी उशिरा दुकान उघडायचं ठरवलंय. भित्री कुठची! मी तर खूश. इतक्या दिवसांनी ओळखीचं कुणी दिसलं की बरं वाटतं.

आणि ऐक तर खरं, त्याच दिवशी पाहुणे आले! एक उंच साहेब आणि एक बॅगवाली मॅडम. दवाखान्याचं काय करायचं ते ठरवणारी माणसं आहेत म्हणे. मी जिना उतरले, मधे दोनदा बसले, पण उतरले. इस्त्रीवालीचं स्टूल घेऊन मी रांगेच्या मागे बसले.

साहेबांनी विचारलं, "आजी, इथे किती लोक यायचे?"

मी म्हटलं, "यायचे काय, येतात. ही काय उभी आहेत."

"कुठे?"

"डोळ्यांसमोर की तुमच्या."

साहेब डबा उचलायला वाकले. मी अशी ओरडले! "ओ साहेब, हात नका लावू! पायाने सरकवा!" ते बिचारे दचकून सरळ झाले. मॅडम शहाणी. ती खाली बसली, डब्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "यांची माणसं कुठे गेलीत?"

मी म्हटलं, "येतो म्हणालीत."

मग ती म्हणाली, "आजी, एक विचार असा आहे की सगळ्यांनी विमा घ्यावा, म्हणजे हा दवाखाना लागणार नाही. दुसरा विचार असा की हाच नीट करावा. सरकारी कार्डावर किती नावं उरतात ते बघून ठरेल. तुम्हांला काय हवं?"

मी म्हटलं, "मला माझा नंबर हवा. आणि नंबर आला की आत कुणीतरी बसलेलं हवं. तुम्ही त्याला सरकारी म्हणा नाहीतर विमा म्हणा."

साहेब हसले. मॅडम नाही हसली. पुढच्या मंगळवारी किल्ली घेऊन येतो म्हणाले दोघं.

आता तूच सांग, मी फुलीवर सही केली तर माझं नाव कार्डावरून जाणार. रांगेत एक माणूस कमी. आणि या दोघांचं नाव घेऊन सांगायला मागे कोण राहील?

मास्तरीणबाईंची सवय आठवते तुला? काही बोलायच्या आधी छत्रीचं टोक दोनदा जमिनीवर आपटायच्या. टक टक. वर्गात छडी आपटायच्या ती खोड हातातून गेलीच नाही. काल पाहुणे गेल्यावर मी स्टुलावर बसले होते, तर ऐकलं मी. टक टक. पण पुढे काही बोलल्या नाहीत. बाईंचा रुसवा पहिल्यापासून तसलाच.

पाय बरे आहेत. संध्याकाळी जरा फुगतात, वहाण जात नाही, पण मला कुठे जायचंय. गोळ्या एक दिवसाआड घेतल्या की छान पुरतात, तू मुळीच काळजी करू नको.

तुझी आजी

---

सोमवार, २९ सप्टेंबर

आजी,

एक दिवसाआड! तू मला हे इतक्या सहज लिहितेस? गोळ्या पार्सलने पाठवल्यात. रोज घ्यायच्या. रोज म्हणजे रोज. इस्त्रीवालीला मी फोन करून विचारणार आहे, आणि ती माझ्याशी खोटं बोलत नाही.

सात तारखेच्या मंगळवारी मी येते. सोमवारीच पोचेन. स्टेशनवर यायचा विचारसुद्धा करू नकोस.

एक विचारायचं होतं. उगाचच. मास्तरीणबाईंनी विमा घेतला होता ना, तो कोणत्या कंपनीचा? आणि त्या गेल्या तेव्हा घरीच होत्या की हॉस्पिटलात? आठवलं तर लिही. नाही आठवलं तरी चालेल.

ठकी

---

गुरुवार, २ ऑक्टोबर

ठके,

गोळ्या मिळाल्या. या गुलाबी आहेत, पूर्वीच्या पांढऱ्या होत्या. गुलाबी गोळी घेताना आपण आजारी नाही, बारशाला आलोय असं वाटतं.

पाहुणे काही मंगळवारी आले नाहीत. मी वेणी घालून, स्टूल मांडून बसले होते. शिंपी आला, बाई आल्या, ते दोघं कधी चुकत नाहीत. दिवंगत माणसं वार पाळतात आणि गाडीतून फिरणारी पाळत नाहीत, ही काय रीत झाली?

बाईंचा विमा विचारलास. अगं, तुझ्याच कंपनीचा! मुद्दाम तोच घेतला त्यांनी. "तुमची ठकी आहे ना तिथे, आपली मुलगी आत असल्यावर काळजी नाही," असं म्हणाल्या होत्या. कागद आला त्या दिवशी रांगेत उभ्या होत्या, तिथूनच मोठ्याने म्हणाल्या, "आता मला रांग नको!" आणि अशा तोऱ्यात गेल्या की छत्री विसरल्या. पण पुढे छातीत दुखायला लागलं तेव्हा हॉस्पिटलवाले म्हणाले, कंपनीकडून हो आल्याशिवाय आत घेता येत नाही. मग घरी बसून फोन करत राहिल्या. फोनवर बराच वेळ गाणं वाजायचं म्हणे. शेजारणीने दार उघडलं तेव्हा फोन कानाशीच होता, आणि गाणं चालूच होतं.

हे मी तुला तेव्हा लिहिलं नाही. तुला वाईट वाटलं असतं. तू एकटी काय करणार होतीस, एवढ्या मोठ्या ऑफिसात? आत्ताही लिहिणार नव्हते, पण तू विचारलंस आणि मला खोटं लिहिता येत नाही. जोडाक्षरंच धड येत नाहीत, खोटं कुठून येणार.

ये लवकर. मांजर तुझ्या गादीवर पिल्लं घालायच्या बेतात आहे, तिला आधीच हाकलून ठेवते.

तुझी आजी

---

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आजी,

पोचले. गाडीत जागा मिळाली. तू बांधून दिलेलं सगळं खाल्लं.

आपण त्या दिवशी याबद्दल काहीच बोललो नाही. तू चहा ठेवलास आणि मांजराचं कौतुक सांगत बसलीस, आणि मी ऐकत बसले. म्हणून आता लिहिते.

डबा आणि छत्री मी सोमवारी माझ्या उशाशी घेतली होती, दाराला पाठ लावून. सकाळी उशाशी काही नव्हतं. कडी आतून लागलेली होती. मला भीती वाटली नाही, राग आला. तशीच खाली गेले. वाटलं, उचलायचं आणि कचऱ्यात टाकायचं दोन्ही. आणि तिथे गेले तर डब्याच्या पुढे पायरीपर्यंत थोडी जागा मोकळी होती. तू शिकवलं होतंस ना, जागा मोकळी दिसली की मागच्याने सरकवायचं. माझा पाय आपोआप पुढे गेला. डबा सरकला, आतली बटणं वाजली. आणि माझ्या कानामागे कुणीतरी दमलेल्या माणसासारखा श्वास सोडला. मी वळून पाहिलं नाही. छत्रीही सरकवली. मग वर आले आणि तुला म्हटलं, "आजी, चहा टाक."

आता दुसरं. मी तुला जे विचारलं ते उगाच विचारलं नव्हतं. ऑगस्टपासून माझ्या लाइनवर एक फोन येतो. मी उचलते, तिकडे आधी टक टक होतं. मग एक म्हातारी बाई विचारते, "मुली, माझा नंबर आला का?" मी पॉलिसी नंबर मागते. ती सांगत नाही. पुन्हा टक टक. पहिल्यांदा मी लाइन कापली. दुसऱ्यांदा होल्डवर टाकलं, कारण नियम तसा आहे, आणि बऱ्याच वेळाने घेतलं तर ती तिथेच होती. तुझं चोवीस तारखेचं पत्र मी ऑफिसात वाचलं. मी माझ्या खुर्चीतून उठले आणि पाणी प्यायला गेले, आणि बराच वेळ परत जागेवर गेलेच नाही.

काल पुन्हा आला. मी म्हटलं, "बाई, मी ठकी. येईल नंबर, थांबा. मी आहे मागे." मग फोन ठेवल्याचा आवाज आला. स्वतःहून ठेवला त्यांनी, पहिल्यांदाच.

त्या कागदावर सही करू नकोस. मला परत पाठव. तुझे पाय मी पाहिले, आजी. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो. हे दुखणं जुनं आहे, आमची कंपनी त्याला दोन वर्षं थांब म्हणेल, आणि ते थांबणार नाही. जिन्यात तुला बोलता येत नव्हतं. तुला! बोलता येत नव्हतं!

इथे शहरात मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. रांग तिथेही आहे, लांबच लांब, पण आत डॉक्टर बसलेले असतात. मी तुझ्यासाठी उभी राहीन. एकोणीस तारखेच्या रविवारी न्यायला येते. कपड्यांची घडी घालून ठेव.

ठकी

---

बुधवार, १५ ऑक्टोबर

ठके,

तू लिहितेस किती छान! मी इस्त्रीवालीला तुझं पत्र वाचून दाखवलं, बटणांपर्यंत. पुढचं नाही दाखवलं. ती आधीच गंडा बांधायच्या गोष्टी करते.

आता माझी ऐक. काल मंगळवारी गॅलरीत आले तर रांगेत तिघं! शिंपी, बाई आणि मी. माझी निळी पिशवी, बाईंच्या मागे, व्यवस्थित. मी नेली असेन का? नेली असेन बाई, आठवत नाही. पण एक गंमत सांगते. मी संध्याकाळी इस्त्रीवालीला ती वर आणायला सांगितली, हातात घेऊन बघते तर तुटलेला बंद शिवलेला! बारीक टाका, एकाला एक लागून, शेवटी ती दुहेरी गाठ. ती गाठ एकच माणूस मारायचा. मी पिशवी छातीशी धरून बसले. मला रडू आलं नाही, हसू आलं. म्हटलं, शिंपीदादा, दगड नाही हो भरत.

आणि ठके, पाहुण्यांचा निरोप आला! मॅडमने स्वतः इस्त्रीवालीच्या दुकानात फोन केला. एकवीस तारखेला येतात. या खेपेला किल्ली नक्की. डॉक्टरचंही बघतो म्हणाल्या.

म्हणून तू रविवारी येऊ नको. बुधवारी ये, मग तू म्हणशील त्या हॉस्पिटलात येते, म्हणशील तितक्या सुया टोचून घेते. पण मंगळवारी मला इथे असायला हवं. दार उघडलं आणि साहेबांनी विचारलं, हे कुणाचं, तर मागच्याने सांगायला नको का? मागचा गप्प राहिला तर वस्तू बाजूला. शिंपी एकदा थांबून थांबून गेला. बाई एकदा थांबून थांबून गेल्या. आता मी उठून तुझ्याकडे आले तर दोघांचाही नंबर दुसऱ्यांदा जाईल. मला ते जमायचं नाही. माझं काय, मी त्यांच्या मागेच आहे, तपासतील मलाही.

तू म्हणशील, आजी, तू जिवंत आहेस, तू पुढे जा. मला ठाऊक आहे तू असंच म्हणणार. पण रांग म्हणजे रांग गं.

हे पत्र मी तीन बैठकांत लिहिलं. अक्षर वाकडं आहे कारण मी उशीला टेकून लिहिते, आडवं झालं की दम लागतो. बसल्यावर काही नाही. रात्री खुर्चीतच झोपते, गॅलरीत, तिथून दवाखान्याचं दार दिसतं. गुलाबी गोळ्या रोज घेते, शपथ. मांजराला चार पिल्लं झाली, तुझ्याच गादीवर.

विम्याचा कागद सोबत पाठवलाय. तुझी फुली मी खोडरबराने पुसली. आता तो नवाकोरा दिसतो.

बुधवारी ये हं.

तुझी आजी

---

बुधवार, २२ ऑक्टोबर

आजी,

सगळ्यात आधी आला शिंपी. त्याच्या मागे बाई. बाईंच्या मागे तू.

तू सांगितलंस तशी मी रविवारी येणार नव्हते. शनिवारी सकाळी इस्त्रीवालीचा फोन आला. खुर्चीत होतीस, शाल पायांवर, तोंड दवाखान्याकडे. "काकू हसत होत्या," असं ती म्हणाली. रविवारी तुला निरोप दिला. तुझी पिशवी मी दाराच्या खुंटीला लावली, डबा आणि छत्री दाराशी, तुझ्या जागेवर. आणि सोमवारी मी काहीच उशाशी घेतलं नाही. कडीही लावली नाही. म्हटलं, ज्यांना जायचंय त्यांना दार वाजवायला लागू नये.

काल सकाळी इस्त्रीवालीने दुकान वेळेवर उघडलं, तुला सांगायला हवं. आणि मला स्टूल आणून दिलं. मी पिशवीच्या मागे बसले. उन्हं आली. रस्त्यावरची माणसं बघून पुढे जात होती, कुणी काही विचारलं नाही. एक बाई मात्र थांबली, पाय सुजलेले, हातात रिकामी बाटली. म्हणाली, "उघडणार आहे का?" मी म्हटलं, "माहीत नाही." तिने बाटली माझ्या मागे ठेवली आणि जाऊन सावलीत बसली.

पाहुणे आले, आजी. किल्ली आणली होती. कुलूप गंजलेलं, उंच साहेबांनी बराच वेळ झटापट केली, मग दार उघडलं. आतून तो वास आला, औषधांचा आणि ओल्या भिंतींचा. खिडकी तशीच. बाक तसाच. वजनाचा काटा अजून मोडकाच. डॉक्टर मात्र आणले नव्हते.

साहेब पायरीवर आले आणि रांगेकडे बघून म्हणाले, "हे कुणाचं?"

मी म्हटलं, "आहेत माणसं. येतो म्हणालीत."

"मागच्या वेळी इथे एक आजी होत्या."

"ही निळी पिशवी त्यांची. मी त्यांच्या मागे आहे."

मॅडमला कळलं. तिने साहेबांच्या दंडाला हात लावला, पण ते विचारतच राहिले. "तुम्ही त्यांची नात ना? विमा कंपनीत असता म्हणे. मग तुम्हीच सांगा, लोकांनी विमा घेतलेला बरा की नाही?"

मी तिथे मोठं काहीतरी बोलणार होते, आजी. रात्रभर मनात जुळवलं होतं. पण निघालं एवढंच. "साहेब, मी जिथे बसते तिथेही हीच माणसं रांगेत आहेत. तिथे फक्त ती दिसत नाहीत."

मॅडमने आपली ती मोठी बॅग खांद्यावरून काढली, साहेबांकडे दिली, आणि बुटाच्या टोकाने डबा पुढे सरकवला. उंबऱ्याच्या आत. बटणं वाजली. मग छत्री. मी पाहत होते, ती छत्रीला पाय लावणार तेवढ्यात फरशीवर टोक दोनदा आपटलं. टक टक. मॅडमने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिने पाय मागे घेतला आणि थोडी थांबली, समोरचं माणूस काय बोलतंय ते ऐकावं तशी. मग हलकेच सरकवली. तुझी पिशवी मी सरकवली. तिघं आता आत आहेत, खिडकीसमोर, उन्हात नाही. बाटलीवालीची बाटली उंबऱ्याशी.

मी कार्डासाठी माझं नाव दिलं. मला कंपनीचा विमा आहे, दोन्ही ठेवता येत नाही, हे मॅडमने दोनदा सांगितलं. मी म्हटलं, ठाऊक आहे, हे मीच लोकांना सांगते.

काल दुपारी ऑफिसची लाइन मोबाइलवर वळवून तुझ्या गॅलरीत बसून मी फोन घेतले. एक फोन आला, तिकडे टक टक झालं नाही. नुसतं कुणीतरी हसत होतं, आणि मागे खूप माणसं एकाच वेळी बोलत होती, जिन्यात दम न लागता, भराभर, एकमेकांना थांबवून. मी होल्डवर टाकलं नाही. संपेपर्यंत ऐकत राहिले.

दार त्यांनी पुन्हा लावलं, पण कुलूप घातलं नाही. पाटी काढून साहेबांच्या गाडीत टाकली. तुझी खोली अजून महिनाभर मी ठेवते असं मालकांना सांगितलंय, मांजर आहे, पिल्लं आहेत, आणि मागे कुणीतरी असायला हवं.

डॉक्टर घेऊन येतो म्हणालेत. मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला.

ठकी